नमुना आठमधल्या चार म्हशी

हिरडाटोली, तालुका साकोली
८ जानेवारी २०२५

प्रिय हिरालालभाऊ,
सप्रेम जयभीम.

परवा फोन केला तर तू म्हणालास, महत्त्वाचं असेल तर लेखी कळव, तोंडी गोष्टीले कोणी विचारत नाही. तुले रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण ऑफिस काही तुह्या अंगातून रिटायर झालं नाही. बरं, लेखी कळवते.

मी घर विकून राहिली आहे.

तृप्तीचे बाबा जाऊन दोन वर्षं झाली. तीन खोल्या, एक मी आणि एक टीव्ही. टीव्हीले बोलता येते, ऐकता येत नाही. तृप्ती साकोलीच्या दवाखान्यात नर्स, तिची ड्युटी आज सकाळची तर उद्या रातची, ती काही इथं येऊन राहत नाही. म्हणून मीच तिकडं जाते म्हटलं. बसस्टँडजवळ केशवराव नावाच्या माणसाच्या वर दोन खोल्या अन् खाली एक गाळा विकायचा आहे. गाळ्यात मी खानावळ टाकणार. बारा वर्षं शाळेत दोनशे पोरांची खिचडी शिजवली, चाळीस नोकरदारांचा वरणभात मले जड नाही. केशवरावले विसार दिला आहे. तो चौदा एप्रिलपर्यंत थांबतो म्हणते. त्याच्यानंतर गाळा मोबाईलवाल्याले जाईन.

इकडं गिऱ्हाईकही घरबसल्या मिळालं. आपल्या शाळेतले मनिष गुरुजी. त्यांले बँकेचं कर्ज पाह्यजे, अन् बँकेले नमुना आठचा उतारा पाह्यजे, म्हणजे ग्रामपंचायतीत घरटॅक्सच्या वहीत आपलं घर जसं लिहिलं आहे त्याची नक्कल. ग्रामसेवक प्रविणनं काढून दिली. (आता त्यांले ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण पोरगा तोच आहे.) मी चष्मा लावून वाचली. जशीच्या तशी लिहिते:

मालमत्ता क्रमांक २१४. वर्णन: गोठा, कवेलूचा. जनावरे: म्हशी चार.

भाऊ, मी तिथंच बाकावर बसली. सव्वीस वर्षं ज्या घरात राहिली, त्याची कौलं जाऊन कधीची स्लॅब आली, फरशी आहे, संडास आहे. बँकेच्या साहेबानं मनिष गुरुजीले विचारलं, "गुरुजी, बायकोपोरं घेऊन गोठ्यात राहता काय?" अन् फाईल बाजूले ठेवली.

टॅक्स दरवर्षी हेच भरत होते, अन् पावती डब्यात टाकत होते. कमी लागत होता. जास्त लागला तर माणूस विचारते, कमी लागला तर कोण विचारते?

तू छत्तीस वर्षं ह्याच वह्यांत काढली. सांग आता काय करू. दिवस थोडे आहेत.

तुझी बहीण
धुरपता


जा.क्र. १/२०२५
(रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह)
भंडारा, १७ जानेवारी २०२५

चि. धुरपता हीस सप्रेम जयभीम.

संदर्भ: तुझे पत्र दिनांक ८ जानेवारी.

उपरोक्त पत्र प्राप्त झाले. प्रकरण गंभीर आहे, परंतु हाताबाहेर गेलेले नाही. सर्वप्रथम घाबरू नये आणि दुसरे म्हणजे कोणाशी बोलू नये.

घर विकणाऱ्याने तीन कागद उशाशी ठेवून झोपावे: वारसनोंद, चालू वर्षापर्यंतची टॅक्सची पावती आणि नमुना आठचा उतारा. पहिले दोन तुझ्याजवळ आहेत. तिसऱ्यात म्हशी आहेत.

आता नीट वाच. लोक अशा वेळी काय करतात, तर पंचायतीत जाऊन नोंद दुरुस्त करा असा अर्ज देतात. तू अर्ज करू नको. अर्ज केलास की तू लेखी कबूल केलंस की ते पहिल्यापासून घर होतं. मग पंचायत विचारेल, सव्वीस वर्षं घरात राहून गोठ्याचा टॅक्स कसा भरला? फरक मागेल, त्यावर दंड मागेल, आणि गेलेल्या यादोरावभाऊजींचं नाव गावात निघेल ते वेगळं. म्हणून तोंडातून "घर होतं" हा शब्द काढू नये. तो गोठाच होता. आता त्याचं घर झालं. हा विकास आहे, आणि विकासाला दंड नाही.

गोठ्याचं घर होण्यासाठी कायद्यानं नव्हे पण व्यवहारानं एकच गोष्ट लागते. त्यातली जनावरं बाहेर जायला पाहिजेत. साकोलीला जनावरांच्या दवाखान्यात जा आणि "मालमत्ता क्र. २१४ येथे एकही जनावर नाही" असा दाखला घे. तो दाखला बँकेला जोड. साहेबाला बोलायला जागा राहणार नाही.

दाखल्याच्या तीन झेरॉक्स काढ. एक मला पाठव.

तुझा भाऊ
हिरालाल
(निवृत्त वरिष्ठ सहायक)


हिरडाटोली
२ फेब्रुवारी

हिरालालभाऊ, जयभीम.

जनावरांच्या डॉक्टरकडं तीन चकरा झाल्या. दोन वेळा तो लसीकरणाले गेला होता, तिसऱ्या वेळी सापडला. मी म्हटलं, साहेब, माह्या घरी म्हशी नाहीत असं लिहून द्या.

"किती नाहीत?"

"चार."

"कुठं गेल्या?"

"कधी आल्याच नाहीत."

"बाई, कागदावर आहेत ना. मेल्या असतील तर पंचनामा आणा. विकल्या असतील तर बाजाराची पावती आणा. चोरीले गेल्या असतील तर पोलिसात जा, माह्याकडं काहून आल्या?"

मी म्हटलं, म्हाताऱ्या होऊन मेल्या असतील, आज सव्वीस वर्षांच्या असत्या. तो मान हलवून म्हणाला, "सव्वीस वर्षांची म्हैस मेलीच पाह्यजे. पण पंचनामा पाह्यजे." मग मले विचारते, त्यांच्या कानात बिल्ले होते का? सरकारचे ते पिवळे, नंबरचे. मी म्हटलं, साहेब, म्हशीलेच कान नव्हते तर बिल्ला कुठं लावता? त्यानं पुढच्या माणसाले आवाज दिला. त्याच्याजवळ निदान बकरी होती.

घरी येताना पंचायतीत गेली. अर्ज द्याले नाही. अर्ज करू नको ह्या शब्दाखाली तू दोन रेघा मारल्या आहेत, तेवढं मले समजते. सहज गेली. तर प्रविण म्हणते, "काकू, साधा अर्ज द्या. मी फीत घेऊन येतो, घर मोजतो, मासिक सभेत विषय ठेवतो. ठराव झाला की नोंद बदलते. पंधरा दिवसाचं काम आहे. फरक लागलाच तर तुम्ही भरूनच टाकाल, एवढं काही मोठं नाही."

भाऊ, पंधरा दिवसात सरकारी काम होते म्हणते हा पोरगा. इतकं सोपं असन तर त्यात नक्की काही गोम असन, म्हणून मी हाव बी म्हटलं नाही अन् नाही बी म्हटलं नाही. भावाले विचारून सांगते म्हटलं. तो म्हणाला, "मामाजी कोणत्या ऑफिसात होते?" मी सांगतलं. तो "अच्छा" म्हणाला अन् चहा मागवला.

काय करू ते लवकर लिही. मनिष गुरुजीची बायको रीता परद्याचं माप घ्याले येते म्हणते.

धुरपता


जा.क्र. ४/२०२५
(रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह)
भंडारा, १० फेब्रुवारी २०२५

चि. धुरपता हीस सप्रेम जयभीम.

जा.क्र. २ आणि ३ ही पत्रे लिहून फाडली, म्हणून तुला ती मिळाली नाहीत. आवक-जावक वहीत तशी नोंद घेतली आहे.

प्रविण हा मुलगा नवा आहे. नव्या माणसाला सगळं सोपं वाटतं, कारण त्याच्या हातून अजून काही बिघडलेलं नसतं. त्याचा चहा पिऊ नये.

जनावरांच्या डॉक्टरचं मात्र बरोबर आहे. चूक माझी झाली, मी पायरी गाळली. कागदावर जे आत आहे, ते आधी खरोखर आत यावं लागतं. तेव्हाच त्याला बाहेर काढता येतं. तुझ्या म्हशी कागदावर आत आहेत आणि अंगणात नाहीत, म्हणून त्या कुठूनच निघू शकत नाहीत. सबब, पुढीलप्रमाणे करावे.

गावातला दूधवाला भैयाजी मला ओळखतो. त्याच्या चार म्हशी एका दिवसासाठी माग. चारच, कमी नको, जास्त नको. त्या तुझ्या घरात बांध. डॉक्टरच्या माणसाला बोलावून कानात बिल्ले मारून घे, पत्ता मालमत्ता क्रमांक २१४ असाच सांग. घरात उभ्या असलेल्या म्हशींचा फोटो काढ. दुसऱ्या दिवशी सानगडीच्या बाजारात भैयाजीनं त्या स्वतःच स्वतःला विकल्यासारख्या करून पावत्या घ्याव्यात. मग रिकाम्या घराचा फोटो काढ. झालं. म्हशी आल्या, म्हशी गेल्या, सगळं कागदोपत्री. आता डॉक्टरच्या बापालाही दाखला नाकारता येणार नाही.

फोटोत तू उभी राहू नये. तू उभी राहिलीस की घर वाटतं.

तुझा भाऊ
हिरालाल

ता.क. जुन्या टॅक्सच्या वह्या कोणी काढू म्हणेल तर काढू देऊ नये. त्यात धूळ फार असते आणि तुला दमा आहे.


हिरडाटोली
२७ फेब्रुवारी

हिरालालभाऊ,

म्हशी आल्या.

भैयाजी आधी हसला. मग तू सांगतलं म्हटल्यावर गंभीर झाला. तुह्या नावाले अजून वजन आहे गावात. मागच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी चार म्हशी घेऊन आला. तीन जणी अंगणात राहिल्या, शहाण्या होत्या. चौथी चंदा नावाची आहे, थोराड, कपाळावर पांढरा चांद. ती दार पाहून थांबली, आत डोकावली, अन् सरळ मधल्या खोलीत जाऊन पंख्याखाली बसली. पंखा सुरू होता, टीव्ही सुरू होता. भैयाजीनं दावं ओढलं, शेपूट पिळली, शिव्या दिल्या. तिनं त्याच्याकडं पाह्यलं अन् परत टीव्हीकडं पाह्यलं.

डॉक्टरचा माणूस आला. त्यानं चारही म्हशीच्या कानात पिवळे बिल्ले मारले, पत्ता माह्या घराचा लिहिला. फोटो काढले. तू म्हणल्यासारखी मी फोटोत नाही.

दुसऱ्या दिवशी तीन म्हशी सानगडीच्या बाजारात गेल्या, पावत्या झाल्या. चंदा गेली नाही. गेली नाही म्हणजे दुपारी चार वाजता ती तिथंच व्याली. भैयाजी म्हणते, तारीख पुढची होती. मी म्हटलं, भैयाजी, तुले गाभण म्हैस ओळखू येत नाही, तू कायचा दूधवाला? तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही चार मागतल्या, माह्याजवळ चारच होत्या."

तर आता हिशोब असा आहे की चारातून तीन गेल्या अन् एक वाढली. व्यालेली म्हैस बारा दिवस जागेवरून हलवत नाही, दूध आटते म्हणतात. भैयाजी दोन्ही वक्त इथंच येऊन दूध काढते. अन् चंदा मागच्या वेतापेक्षा दोन लिटर जास्त देऊन राहिली. पंखा बंद केला की कमी देते, हे त्यानं दोन वेळा करून पाह्यलं.

पुढचं ऐक. बिल्ल्याचा पत्ता पाहून तालुक्याच्या दूधवाल्यांच्या संघाचे दोन जण आले. त्यांची स्वच्छ गोठ्याची स्पर्धा असते. त्यांनी फरशी पाह्यली, नळ पाह्यला, स्लॅब पाह्यली. एक जण दुसऱ्याले म्हणाला, "सर, संडास अॅटॅच आहे." असा गोठा त्यांनी अख्ख्या जिल्ह्यात पाह्यला नाही म्हणते. माह्या नावानं फॉर्म भरून गेले. मी सांगून राहिली की बावा हे घर आहे, तर ते म्हणतात, "बाई, असाच जीव लावला पाह्यजे जनावराले."

त्याच वक्ती रीता परद्याचं माप घ्याले आली. दारात उभी राहून तिनं चंदाले पाह्यलं, पिल्लाले पाह्यलं, मग मले विचारलं, "काकू, हे सोबत येते काय?"

आता तू सांग. तुह्याच सल्ल्यानं माह्या मधल्या खोलीत म्हैस बसली आहे. चौदा एप्रिलले शेहेचाळीस दिवस उरले.

धुरपता


जा.क्र. ५/२०२५
भंडारा, ५ मार्च २०२५

चि. धुरपता हीस सप्रेम जयभीम.

पत्र वाचून आनंद झाला. स्पर्धेत नाव जाणं ही साधी गोष्ट नाही. आमच्या काळात गोठ्याला कोणी विचारत नसे.

माझा सल्ला असा की आता घाई करू नये. बक्षीस लागेपर्यंत काहीही बदलू नये. बक्षीस लागलं की प्रमाणपत्र मिळेल, प्रमाणपत्रावर "गोठा" असं येईल, म्हणजे आजवर भरलेला टॅक्स योग्यच होता हे सिद्ध होईल. यादोरावांचं नाव स्वच्छ राहील. सर्वांचंच राहील. त्यानंतर एखाद्या वर्षानं, शांतपणे, विक्रीचा विचार करता येईल. केशवरावांना लिहून एक वर्षाची मुदत मागावी. मसुदा मी करून देईन.

खानावळीचा धंदा तसाही कटकटीचाच असतो. गिऱ्हाईक भाताला नावं ठेवतं.

आणि पुन्हा सांगतो, जुनी वही काढू देऊ नये. दमा वाढेल.

तुझा भाऊ
हिरालाल


हिरडाटोली
१४ मार्च

हिरालालभाऊ,

मनिष गुरुजीनं नाही म्हटलं. रीता म्हणते, कितीही फिनाईल टाकलं तरी वास जात नाही. त्यांनी सानगडीले प्लॉट पाह्यला.

मले दमा नाही. दमा तुले आहे. जो दोन वेळा माह्यावर स्वतःचा दमा टाकते, त्याले कोणत्या धुळीचं भेव वाटून राहिलं ते पाहावं म्हणून मी काल पंचायतीत गेली. प्रविणले म्हटलं, बापू, आपलं घर पहिल्यांदा लिहिलं ती वही काढ. एकोणीसशे नव्व्याण्णवची. त्यानं कपाटावरून काढली, फडक्यानं पुसली, माह्यापुढं ठेवली. मले एक शिंक आली, बस.

दर चार वर्षांनी नवी आकारणी होते म्हणतात. प्रविणनं दाखवलं, दर चार वर्षांनी मागच्या वहीतलं पुढच्या वहीत उतरवलं आहे. घरावर स्लॅब टाकली तरी वहीत कवेलू कवेलूच राहिलं. कोणी घरापर्यंत आलंच नाही. पण पहिलं ज्यानं लिहिलं, तो आला होता. लांबी-रुंदी इंचाइंचानं बरोबर आहे. पुढं लिहिलं आहे, गोठा. पुढं, म्हशी चार. म्हशी ह्या शब्दाखाली दोन रेघा आहेत, दुसरी पहिलीपेक्षा बुटकी, अन् शेवटी जरा वर गेलेली.

घरी येऊन तुही पत्रं काढली. जानेवारीचं काढलं. अर्ज करू नको.

भाऊ, मी शाळेत दहावीपर्यंतच गेली, पण रेघ ओळखता येते. एवढंच विचारते. काहून?

महिना उरला आहे.

धुरपता


भंडारा
२० मार्च

धुरपता,

जावक नंबर टाकला नाही. हे कार्यालयीन नाही.

मीच लिहिलं.

तुले तुह्या घराची वास्तू आठवते का? भंतेजी आले, वंदना झाली, जेवणं झाली. पाहुणे मोप. मी नवीन टेरिकॉटची पँट शिवून आलो होतो, नुकतंच प्रमोशन झालं होतं. साळा म्हणून मले मान मिळन असं वाटत होतं. झोपायच्या वक्ताले यादोराव म्हणाले, "हिरालाल, आत जागा नाही. शेजारच्या कोठ्यात खाट टाकली आहे, तिथं ऊब असते." मी म्हटलं चालते. कोठा म्हणजे गोठाच, आत चार म्हशी होत्या. सकाळपर्यंत त्या मले पाहत होत्या अन् मी त्यांले. सकाळी उठून पाहतो तर तुह्या नणंदेचा नवरा आतल्या खोलीतून आळस देत निघाला. कंडक्टर होता तो. त्याले गादी अन् मले कोठा. पँटीचं काय झालं ते सांगत नाही.

तीन महिन्यांनी तुमच्या गावाची आकारणी लागली, अन् मदतीले मलेच पाठवलं. मी इमानदारीनं फीत लावली. घर मोजलं. मग वर्णनाच्या रकान्यापाशी हात आला, अन् हातानं लिहिलं, गोठा. मले ज्यात झोपवलं ते. म्हशी चार, मोजून.

कायम ठेवायचं नव्हतं, आईची आण. यादी पंचायतीच्या भिंतीवर लावतात, ज्याले मान्य नसेल त्यानं तीस दिवसात हरकत घ्यायची असते. मले वाटलं, यादोराव वाचतील, लाजतील, माह्याकडं येतील, म्हणतील, हिरालाल, चुकलं बावा. मी म्हणीन, असू द्या, अन् खोडून घर लिहीन. तीस दिवस वाट पाहिली. ते आले नाहीत. एकतिसाव्या दिवशी एसटीच्या टपावरून एक कट्टा तांदूळ आला. नवा, वासाचा चिन्नोर. सोबत चिठ्ठी, "साळेबुवा, आठवण ठेवली."

मी समजलो. त्यांले वाटलं की टॅक्स कमी व्हावा म्हणून मी मुद्दाम उपकार केला. मी शिवी दिली अन् त्यांनी आभार मानले. आता सांगायचं कसं? मी तो तांदूळ खाल्ला. पुढच्या वर्षी परत आला. चोवीस कट्टे त्यांनी पाठवले, दोन त्यांच्या मागं तू पाठवले. दरवर्षी ठरवे, यंदा सांगून टाकायचं. दरवर्षी भात शिजे. चिन्नोरचा वास तुले माहीत आहे.

म्हणून तुले अर्ज करू दिला नाही. अर्ज झाला असता तर वही निघाली असती. दंडाचं मी लिहिलं ते भेव दाखवायले. प्रविणचं खरं होतं, पंधरा दिवसाचंच काम होतं. म्हशीचं मले सुचलं तेव्हा मलेच वाटलं की ही आता हद्द झाली, पण तोपर्यंत लिहून पाकिटात टाकलं होतं.

आता मी ठरवलं आहे. अठ्ठावीस तारखेला तुमची मासिक सभा आहे. प्रतिज्ञापत्र करून ठेवलं, दोन पानांचं. मी येतो. सगळ्यांपुढं उभा राहून वाचतो, की हे घर होतं, घरच होतं, हिरालालनं रुसून गोठा लिहिला. ठराव करून घेतो, नोंद बदलून घेतो, मनिष गुरुजीच्या पायाही पडतो. मले कोणी अडवू नये.

हिरालाल


हिरडाटोली
२५ मार्च

हिरालालभाऊ,

हे पत्र पोस्टात टाकलं नाही, भंडाऱ्याच्या बसच्या कंडक्टरजवळ दिलं आहे. सव्वीसले तुह्या हाती पडन. कंडक्टर आहे म्हणून घेणार नाही असं करू नको.

अठ्ठावीसले येऊ नको. तू सव्वीस वर्षांत खरं बोलला नाहीस, अजून आठ दिवस कळ काढ.

घर विकलं गेलं. भैयाजी घेऊन राहिला. बारा दिवस झाले, पंधरा झाले, तरी चंदा मधल्या खोलीतून उठली नाही. एकदा चौघांनी उचलून अंगणात आणली, तर ती दूध चोरू लागली. परत आत नेली, पंखा लावला, टीव्ही लावला, भरून दूध. तेव्हा भैयाजी हिशोबी माणूस, म्हणाला, "वहिनी, म्हैस निघत नाही तर घरच मले देऊन टाका." त्याले डेअरी टाकायची आहेच. दहा म्हशी आणते म्हणते, तीनही खोल्यांत पंखे लावते.

त्याले डेअरीचं कर्ज पाह्यजे. बँक तीच, साहेब तोच. साहेबाची अट अशी की गोठा जुना पाह्यजे, नोंद असलेला. मी नमुना आठ पुढं केला. परवा तो स्वतः पाहाले आला. हातात उतारा घेऊन मधल्या खोलीत उभा राहिला. उताऱ्यावर पाह्यलं, गोठा. समोर पाह्यलं, गोठा. मले म्हणाला, "बाई, माह्या नोकरीत नोंद अन् जागा इतकी जुळलेली मी पाह्यली नाही." मनिष गुरुजीले जेवढं देत होते त्याच्यापेक्षा भैयाजीले जास्त मंजूर झालं. रजिस्ट्री तीन एप्रिलले आहे, साकोलीले. चारले मी केशवरावचे पैसे देते. गाळ्यात चुलीचा ओटा बांधाले गवंडी सांगतला आहे.

आता तू सभेत येऊन ते घर होतं म्हणून शपथेवर सांगतलं, अन् प्रविणनं भल्या मनानं नोंद बदलली, तर भैयाजीचं कर्ज गेलं, माह्या खोल्या गेल्या, अन् गाळ्यात मोबाईल विकले जातील. म्हणून तुले हात जोडून सांगते, ते दोन पानं चुलीत घाल.

कोठ्याचा तुले राग आला हे मले माहीत नव्हतं. खाट टाकली ती मीच. आत जागा नव्हती, अन् नंदोई दारू पिऊन आडवे झाले होते, त्यांले उठवत कोण? तू माह्या पाठचा नाही, पुढचा भाऊ. तुले कुठंही टाकलं तरी चालते असं वाटलं. पण तू मले विचारलं असतं तर मीच तुले त्या गादीवर नेऊन झोपवलं असतं, नंदोयाच्या अंगावरून.

राहिली तांदळाची गोष्ट. तू सव्वीस वर्षं उपकाराचा भात म्हणून खाल्ला अन् झुरलास. मी एकदा ह्यांले विचारलं होतं, की माह्या भावाले दरवर्षी चिन्नोर कायले, साधा तांदूळ पाठवला तर काय झालं? तर पावतीच्या डब्याचं झाकण लावत म्हणाले, "धुरपता, तुह्या भावानं आपल्यावर राग काढला, त्याच्यात आपला फायदा झाला. राग उतरला की तो येऊन दुरुस्त करन, मग टॅक्स वाढन. त्याले दरवर्षी थोडं लाजवत ठेवलं की तो येत नाही. वाढलेल्या टॅक्सपेक्षा एक कट्टा स्वस्त पडते. अन् साध्या तांदळानं माणूस तेवढा लाजत नाही."

मले वाटलं, मस्करी करून राहिले. काल तुही चिठ्ठी वाचली तेव्हा समजलं. भिंतीवरची यादी त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली होती.

तर भाऊ, तू त्यांले फसवलं नाही अन् त्यांनी तुले सोडलं नाही. दोघंही आपापल्या जागी हुशार, अन् मी सव्वीस वर्षं गोठ्यात राहून तुमचे कट्टे शिवले.

आता घर भैयाजीचं झालं, टॅक्सही त्याचा. तुले लाजवून ठेवायची कोणाले गरज उरली नाही, म्हणून यंदापासून तांदूळ येणार नाही. चिन्नोर खायचा असला तर चौदा एप्रिलनंतर साकोलीले बसस्टँडजवळ ये. ताट ऐंशी रुपयाचं आहे. तुले पावती फाडून देईन.

तुझी बहीण
धुरपता